निवटीचं इंग्रजी

मी कॉलेजात इंग्रजी शिकवत होते, हे ओळखीच्या सगळ्यांना ठाऊक आहे. पण संध्याकाळी आमच्या मुलुंडच्या दोन खोल्यांत, जेवणाच्या टेबलावरचं मेणकापड पुसून मी दुसरा जो उद्योग करत असे, तो फार थोड्यांना माहीत आहे. मी शास्त्रज्ञांचं इंग्रजी दुरुस्त करायचे.

शास्त्रज्ञ म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पांढरा कोट आणि काचेच्या नळ्या येत असतील. माझ्याकडे येणारे पायात चपला, हातात रेक्झिनची बॅग आणि घामाने डबडबलेले असे यायचे. उपनगरांतल्या कॉलेजांतले लेक्चरर, औषधांच्या कारखान्यांतले केमिस्ट, एखादा म्युनिसिपालिटीच्या दवाखान्यातला डॉक्टर. कोणी बोरिवलीहून, कोणी घाटकोपरहून. संशोधन चोख असायचं. घोडं अडायचं ते भाषेपाशी.

संशोधन छापून आणायचं म्हणजे काय, ते आधी सांगते. जे शोधलं ते लिहायचं, टाइप करून घ्यायचं आणि परदेशातल्या एखाद्या नियतकालिकाकडे विमानाच्या टपालाने पाठवायचं. तिथला संपादक तो लेख त्या विषयातल्या दोन जाणकारांना वाचायला देतो. त्यांना रेफरी म्हणतात. ते कोण, हे आपल्याला कधीच कळत नाही. छापा, सुधारा किंवा परत पाठवा, असा त्यांचा निकाल येतो, आणि तोही कित्येक महिन्यांनी. हा सगळा कारभार इंग्रजीत. ज्यांनी कणकवलीच्या नाहीतर चिपळूणच्या मराठी शाळेत पाढे म्हटले, त्यांनी तो निभवायचा.

नामाआधी लावायचे इंग्रजीतले 'अ' आणि 'द' मराठीत नाहीत, त्यामुळे माझी गिऱ्हाईकं ते तिखटमिठासारखे अंदाजाने टाकत. आपलं क्रियापद शेवटी येतं, त्यामुळे त्यांच्या इंग्रजी वाक्यात नक्की काय घडलं हे तळाशी पोचेपर्यंत कळत नसे. एका डॉक्टरांनी मराठी मनात धरून असं वाक्य लिहिलं होतं, की औषध रुग्णांऐवजी डॉक्टरच पितात आणि मग रुग्णांना तपासतात! मी ते दाखवल्यावर ते इतके हसले की चहा सांडला. "बदलू नका मॅडम," म्हणाले, "आमच्या दवाखान्यात तसंच चालतं."

पण सगळ्याच गोष्टी हसण्यावारी जात नसत. बोरिवलीचे एक रसायनशास्त्रज्ञ होते. त्यांचा लेख भाषेच्या कारणाने परत आला, पुन्हा गेला, पुन्हा परत आला. मग तो माझ्याकडे येऊन महिनाभर पडून राहिला, आणि तेवढ्यात तोच शोध दुसऱ्या देशातल्या कोणीतरी छापून टाकला होता. मी निम्मा लेख नीट करून ठेवला होता. ते आले, कागद गोळा केले, आणि म्हणाले, "आता नको, मॅडम." त्यानंतर त्यांनी काही लिहिलं नाही, असं ऐकलं. ते कागद मी आदल्या महिन्यात हातात घेतले असते तर, हा विचार पुष्कळ दिवस माझ्या डोक्यातून गेला नाही.

हेमा परब आली ती त्यानंतर थोड्याच दिवसांनी.

"इंग्रजी दुरुस्त करून मिळतं ना इथे?" दारातूनच तिने विचारलं. स्टोव्ह दुरुस्तीला आणावा, तशी हातातली फाइल छातीशी धरलेली. तिशीच्या आतली, उन्हाने रापलेली. अंधेरीच्या एका कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवायची आणि पीएच.डी. करायची. राहायची मुलुंडलाच, पूर्वेला, वडिलांबरोबर. वडील मूळचे मालवणकडचे, गिरणीत होते. गिरणी बंद पडल्यापासून घरीच.

तिने लेख पुढे ठेवला आणि वर संपादकाचं पत्र. पत्रात एका रेफरीचं मत होतं: लेखिकेला काय म्हणायचं आहे ते मला बहुतेक ठिकाणी समजलं नाही, जेवढं समजलं ते खरं असेल, तर ते महत्त्वाचं आहे.

"मग हे चांगलंच आहे की," मी म्हटलं.

"चांगलं कसलं! सरांना दाखवलं." सर म्हणजे तिचे मार्गदर्शक. "ते म्हणाले, इंग्रजी मी लिहून देतो, पण पहिलं नाव माझं. वर म्हणाले, शोध काय, कोणीही लावतं, लिहिता आलं पाहिजे."

लेखावर पहिलं नाव ज्याचं, शोध त्याचा, असं जग धरून चालतं. आणि हिच्या पीएच.डी.च्या प्रबंधावर सही त्याच सरांची व्हायची होती. नाही म्हणावं तरी पंचाईत.

मी लेख उघडला. पहिलंच वाक्य पाऊण पान. चिखलाला चिखल म्हटलेलं नाही, माशाला मासा म्हटलेलं नाही. सगळं 'प्रस्तुत लेखिकेकडून असे निरीक्षिले गेले आहे' अशा थाटात. दुसऱ्या पानावर मी हात टेकले.

"हेमा, तू पाहिलंस काय?"

"ते लिहिलंय ना त्यात."

"ते राहू दे. मला तोंडाने सांग. मराठीत."

ती जराशी घुटमळली, आणि मग सुरू झाली. अहो, काय सांगू! तीच मुलगी, पण खुर्चीच्या टोकावर आली, हात चालायला लागले, टेबलावरची मिठाची बरणी समुद्र झाली आणि चमचे शेजारी झाले.

निवटी आपल्या बाजारात येते, ती तुम्ही पाहिली असेल. डोक्यावर बटबटीत डोळे आलेला मासा. ओहोटी लागली की हा मासा पाण्याबरोबर मागे जात नाही, खाडीच्या चिखलावर परांनी सरपटत फिरतो. प्रत्येकीचा चिखलाचा एक तुकडा ठरलेला. आणि त्या तुकड्याभोवती ती तोंडाने चिखल आणून बांध घालते. आत थोडं पाणी साठतं, ओल राहते, त्यावर तिचं खाणं वाढतं.

"मी काय केलं," हेमा म्हणाली, "काठीने बांध दोन ठिकाणी फोडला. एक समुद्राच्या बाजूला, जिथून पाणी निघून जातं. आणि एक शेजारणीच्या बाजूला. तिथून पाणी जात नाही, कारण पलीकडेही तेवढंच पाणी. आता सांगा मॅडम, ती आधी कुठला बांध घालेल?"

"समुद्राकडचा. पाणी चाललंय ना वाहून."

"नाही!" तिने टेबलावर थाप मारली. "शेजारणीकडचा! पाणी जाऊ दे, सगळं कोरडं पडू दे, आधी शेजारणीकडची भिंत!"

मी हसत सुटले. आमच्या सोसायटीत त्या वर्षी गच्चीवरची टाकी गळत होती आणि कमिटी शेजारच्या बिल्डिंगच्या कंपाउंडवरून भांडत होती.

"योगायोग असेल," मी मुद्दाम म्हटलं.

"मलाही तसंच वाटलं. म्हणून पुन्हा पुन्हा केलं. वेगळ्या निवट्या, वेगळ्या जागा. मग शेजारीण पकडून बादलीत ठेवली आणि दोन्ही बांध फोडले. शेजारी कोणी नाही म्हटल्यावर ही मुकाट्याने आधी समुद्राकडचा बांध घालते!"

 मी इंग्रजीची बाई, माशांशी माझा संबंध ताटापुरता. पण एवढं मलाही कळलं, की या मुलीने खाडीच्या चिखलात बसून माशाच्या मनातली भीती बाहेर काढली होती.

"हे लिहिलंयस कुठे?"

तिने नवव्या पानावरचं एक वाक्य दाखवलं. मी ते दोनदा वाचलं आणि मला त्यात बादलीसुद्धा सापडली नाही.

रविवारी ओहोटीची वेळ बघून ती मला खाडीवर घेऊन गेली. मिठागरांच्या बांधावरून चालत, तिवरांतून वाट काढत. तिने वडिलांची जुनी खाकी पँट चढवली होती. मी साडी गुडघ्यापर्यंत खोचली आणि चिखलावर टाकलेल्या फळीवर बसले. आधी काहीच दिसेना. मग चिखलाला डोळे फुटले. एक, मग दुसरा, मग जिकडे बघावं तिकडे निवट्या, आणि त्यांच्यामधून कोकणातल्या खाचरांसारखे इवले इवले बांध.

हेमाने लांब काठीने दोन्हीकडचे बांध फोडले. निवटी बिळात गेली. आम्ही श्वास धरून बसलो. ती वर आली. समुद्राकडच्या भगदाडातून पाणी झुळझुळ चाललं होतं. तिने तिकडे पाहिलंसुद्धा नाही. तोंडात चिखल भरून ती तडक शेजारणीच्या बाजूला गेली आणि तिथे तो थुंकला.

"अगं, गेली की गं ती!" मी ओरडले. आसपासच्या सगळ्या निवट्या एका क्षणात बिळांत गडप.

"मॅडम, ओरडू नका ना!" हेमा कळवळून म्हणाली. "आता वाट बघत बसावं लागेल."

आम्ही बसलो. ऊन डोक्यावर आलं तरी मला उठवेना.

मग आम्ही लिहायला घेतलं. माझी पद्धत साधी होती. तिने मराठीत सांगायचं, मी प्रश्न विचारायचे, आणि दोघींनी मिळून ते इंग्रजीत मांडायचं. एका वाक्यात एकच गोष्ट. काठीने बांध फोडला. निवटी बिळात गेली. निवटी वर आली. पहिल्या संध्याकाळी दोन पानं झाली, आणि हेमाचा चेहरा उतरला.

"काय झालं?"

"फारच सोपं वाटतंय हो. हे वाचून ते म्हणतील, हिला काही येत नाही."

"अवघड लिहिलंस तेव्हा काय म्हणाले?"

 मला तेव्हा उलगडा झाला. तिचं इंग्रजी कच्चं होतं म्हणून लेख बिघडला नव्हता. मराठी शाळेतली म्हणून कोणी हसू नये, या धास्तीने जाड पुस्तकांतली वाक्यं उचलून तिने स्वतःभोवतीच बांध घातला होता.

भांडणंही झाली. मी एके ठिकाणी लिहिलं, की निवटीला शेजारणीकडचा बांध जास्त महत्त्वाचा वाटतो. मला वाक्य फार आवडलं होतं.

"हे काढा," हेमा म्हणाली.

"अगं, किती छान झालंय!"

"छान असेल, पण तिला काय वाटतं हे मी कुठे पाहिलंय? ती आधी कुठला बांध घालते, एवढंच पाहिलंय."

"काल तूच म्हणालीस, ती घाबरते."

"ते तुमच्या टेबलावर म्हटलं. कागदावर नाही म्हणणार."

मी वाक्य खोडलं. आणि मग 'बांध' शब्दावर अडलो. धरण म्हणावं तर फार मोठं होतं. भिंत म्हणावं तर विटांची वाटते. आमचे हे आतून म्हणाले, "बांधाला इंग्रजीत 'बंड' लिहा, सरकारी कागदांत तसंच असतं." पण ते इंग्रजी हिंदुस्थानातलं, रेफरीला कळेल कशावरून? शेवटी पहिल्यांदा 'चिखलाची बुटकी भिंत' असं लिहून ती केवढी असते ते सांगितलं आणि पुढे नुसतं 'भिंत' म्हटलं. त्या एका शब्दात आमची संध्याकाळ गेली, आणि आम्ही दोघी मोहीम फत्ते केल्यासारख्या खूष होतो.

लेख टाइप झाला. वर पहिलं नाव हेमाचं, दुसरं सरांचं. आता हे सरांना सांगणं आलं. काय झालं ते तिनेच मला नंतर सांगितलं.

"सर, लेख लिहून झालाय. तुमचं नाव दुसरं घातलंय. चालेल ना?"

सरांनी लेख चाळला. बराच वेळ चाळला. मग म्हणाले, "पाठव. परत आला तर माझ्याकडे यायचं, आणि मग मी सांगेन तसं."

"हो, सर." ही अट तिने मान्य केली, आणि मी धास्तावले. कारण आता परत आला तर दोष माझ्या इंग्रजीचा.

उत्तर आलं ते महिने उलटल्यावर. हेमा जिना धावत चढून आली. पहिला रेफरी खूष होता. इतकं स्वच्छ निरीक्षण पुष्कळ दिवसांत वाचलं नाही, असं त्याने लिहिलं होतं. दुसऱ्यालाही शोध पटला होता. पण शेवटी त्याची ओळ होती: भाषा परकी वाटते, ज्यांची मातृभाषा इंग्रजी आहे अशा व्यक्तीकडून लेख तपासून घ्यावा, मगच छापता येईल.

"परकी?" मी भडकले. "कुठली ओळ परकी आहे ते सांगा म्हणावं! एक चूक दाखवा!" चूक एकही दाखवली नव्हती. वर दोन नावं होती, एक परब आणि एक सरांचं, आणि खाली मुंबईचा पत्ता. तेवढ्यावरून त्याला परकेपण दिसलं असावं.

"ते जाऊ दे मॅडम," हेमा रडकुंडीला आली होती. "मातृभाषा इंग्रजी असलेला माणूस आणायचा कुठून? मुलुंडमध्ये?"

मला मिस परेरा आठवल्या. आमच्या कॉलेजातल्या एका बाईंच्या त्या मावशी. मरोळच्या गावठाणात राहायच्या, जन्मभर कॉन्व्हेंटमध्ये इंग्रजी शिकवून निवृत्त झालेल्या. त्यांचं इंग्रजी ऐकलं की पाठ आपोआप ताठ व्हायची. दुसऱ्या दिवशी आम्ही मरोळला गेलो. ओटीवर वेताच्या खुर्चीत मिस परेरा बसल्या होत्या, फुलाफुलांचा फ्रॉक, डोळ्यांवर जाड चष्मा. आम्ही सगळी हकिकत सांगितली.

त्यांनी शांतपणे ऐकलं आणि मग खो खो हसायला लागल्या.

"अगो, माजी मदरटंग तर मराठीच हाय! आमी ईस्ट इंडियन, हितलेच जुने किरिस्ताव. माजी आय, माजी आजी, सगल्या मराठीच बोलायच्या. इंग्लिश मी शाळेत शिकली, तुमच्यासारकीच, छड्या खाऊन!"

हेमाने माझ्याकडे पाहिलं. मी जमिनीकडे.

"आता आल्याव तर बसा," मिस परेरा म्हणाल्या. "बगू तुमची निवटी."

त्यांनी लेख मोठ्याने वाचायला सुरुवात केली. खणखणीत इंग्रजीत, एकेक शब्द सुटा करून. वाचता वाचता एका वाक्यापाशी थांबल्या. "इथे दम लागतो. दोन कर." मी दोन वाक्यं केली. पुढे एक 'द' काढायला लावला. मग बादलीचा प्रसंग आला, आणि त्या इंग्रजी विसरून मराठीत ओरडल्या, "शेजारीण गेली तं आता समुद्राकडं गेली! शाणी हाय गो!" शेवटचं पान संपलं तेव्हा त्यांनी चष्मा काढला. "दुसरं काय नाय यात करायचं. चांगलं लिवलंय."

"मग आता संपादकाला काय कळवू?" हेमाने विचारलं.

"खरं तेच. मिस फिलोमिना परेरा यांनी लेख वाचला आणि सूचना केल्या, त्यांचे आभार. यात खोटं काय हाय? मी वाचला ना? सूचना केल्या ना?"

"पण तुमची मातृभाषा..."

"ती त्यांनी विचारली तर सांग. बिनधास्त सांग."

त्यांनी विचारली नाही. या वेळी उत्तर लवकर आलं. लेख स्वीकारला होता, आणि संपादकाने आवर्जून लिहिलं होतं, की भाषा आता कितीतरी सुधारली आहे. एक वाक्य तोडलेलं आणि एक 'द' गेलेला! हसावं की चिडावं ते मला कळेना. हेमाला तो प्रश्नच पडला नव्हता. ती माझ्या स्वयंपाकघरात अक्षरशः उड्या मारत होती. तिच्या मागोमाग तिचे वडील जिना चढून आले होते, धापा टाकत. "छापतले ना?" त्यांनी मला विचारलं. "नक्की छापतले ना, बाय?" मी हो म्हटल्यावर ते खुर्चीत बसले आणि पाणी मागून घेतलं.

सरांचं म्हणाल, तर त्यांनी विभागात स्वतः पेढे वाटले. "माझी विद्यार्थिनी," असं येईल त्याला सांगत होते. प्रबंधावर सहीही केली. हेमाने पेढा खाल्ला आणि मला येऊन सांगितलं, "चांगला होता हो." मला मात्र त्यांच्याबद्दल शेवटपर्यंत माया वाटली नाही.

मिस परेरांना लेख नेऊन दिला तेव्हा त्यांनी आपलं छापलेलं नाव बोटाने चाचपून पाहिलं, आणि गावठाणातल्या चार घरांत फिरवून आणलं.

खरी गंमत पुढेच आहे. त्या काळात लेख छापून आला, की जगभरातले अभ्यासक लेखकाला कार्ड टाकून त्याची सुटी प्रत मागायचे. एका दुपारी हेमा कार्डांचा गठ्ठा घेऊन आली आणि तिने तो टेबलावर पसरला. पोलंड, जपान, ब्राझील, क्यूबा, आणि ज्यांची नावं आम्हाला वाचता येईनात अशी गावं. बहुतेकांवर 'डिअर सर' लिहिलेलं, त्यावर आम्ही आधी पोटभर हसलो. मग मी एक कार्ड उचललं. जपानमधल्या कोणीतरी हाताने, काळजीपूर्वक लिहिलं होतं: 'प्लीज टु सेंड युवर व्हेरी इंटरेस्ट पेपर ऑफ फिश वॉल. आय अॅम ऑल्सो लुक सेम फिश इन माय सी.'

माझा हात सवयीने पेनकडे गेला.

हेमाने कार्ड माझ्या हातातून ओढून घेतलं.

"हात नाही लावायचा, मॅडम," ती म्हणाली. तिचे डोळे खाडीवर लकाकायचे तसे लकाकत होते. "अहो, तो पण बघतोय! त्याच्या समुद्रात पण आहेत!"

आणि प्रत घालायला पाकीट शोधत ती माझी कपाटं उघडायला लागली.